पानगळीपूर्वी करावयाची झाडांची आरोग्य-पाहणी : वृक्षलागवडधारकांसाठी व वनधारकांसाठी सल्ला

पाऊस ओसरल्यापासून पानगळ सुरू होईपर्यंतचे काही आठवडे झाडांचे आरोग्य तपासण्यासाठी सर्वांत सोयीचे असतात. या काळात पालवी पूर्ण भरलेली असल्यामुळे शेंड्याचा विरळपणा लगेच नजरेत भरतो. तेच झाड पानगळीनंतर पाहिले, तर कोणती फांदी वाळली आहे आणि कोणती नुसतीच निष्पर्ण झाली आहे, हे ओळखणे अवघड जाते. सागासारख्या पानझडी वृक्षांची लागवड असलेल्यांनी ही पाहणी मुळीच पुढे ढकलू नये.

पाहणीची सुरुवात शेंड्यापासून करावी. झाडाच्या उंचीइतके अंतर मागे सरून ते किमान दोन बाजूंनी न्याहाळावे आणि त्याच जातीच्या, तशाच जमिनीत वाढलेल्या निरोगी झाडाशी त्याची तुलना करावी. युरोपातील वनांच्या आरोग्य-नोंदीत पानांची उणीव ५-५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी लिहिली जाते आणि २५ टक्क्यांहून अधिक उणीव असलेले झाड नुकसानग्रस्त धरले जाते; हा दंडक आपल्याही नोंदीसाठी वापरण्याजोगा आहे. पाने खाल्लेली दिसताच घाबरून जाऊ नये. सागावर पावसाच्या आरंभी येणारी अळी जाड शिरा तेवढ्या ठेवून कोवळी पाने फस्त करते, तर हंगामाच्या उत्तरार्धात येणारी दुसरी अळी पानाची जाळी करून टाकते. दोन्हींमुळे वाढ खुंटते, परंतु चांगले पोसलेले झाड सहसा मरत नाही, पुन्हा फुटते. शेंड्याकडून खाली वाळत येणाऱ्या फांद्या आणि उघड्या खोडावर अचानक आलेले फुटव्यांचे झुपके याहून अधिक गंभीर समजावेत. मात्र नुकतीच विरळणी (दाटी कमी करण्यासाठी मधली काही झाडे काढणे) झाली असल्यास नव्याने मिळालेल्या उजेडामुळेही असे फुटवे येतात, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर खोडाजवळ यावे. सालीवरून ओघळलेला डिंक, काळपट चिकट डाग, उभ्या भेगा आणि अळीने विणलेली, विष्ठा व सालीचा चुरा अडकलेली जाळी या खुणा हाताच्या अंतरावरूनच दिसतात. बुंध्याशी लाकडाचा भुसा आढळल्यास तो जुना की ताजा, हे ठरवण्याचा एक साधा उपाय आहे : बुंध्याभोवतीची जागा झाडून स्वच्छ करावी आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. फिकट रंगाचा नवा भुसा साचला असेल, तर खोडकिडा आत जिवंत आहे. लाकडी हातोडीने खोडावर चहूबाजूंनी ठोकून पाहिल्यास पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. पोकळीभोवतीच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण ३० टक्क्यांहून कमी भरली, तर ते झाड वाऱ्यात मोडण्याचा धोका वाढतो; वाटेजवळ किंवा घराजवळ असे झाड असल्यास जाणकाराकडून त्याची तपासणी लगेच करून घ्यावी.

बुंध्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि खरी कथा पुष्कळदा तेथेच असते. खोड जमिनीत शिरताना रुंदावलेले दिसले पाहिजे. ते खांबासारखे सरळ आत गेले असेल, तर बुंध्यावर माती चढली आहे असे समजून ती हलक्या हाताने दूर करावी. बुंध्यावर कठीण, फळीसारखी अळंबी उगवली असल्यास आतले लाकूड बऱ्याच काळापासून कुजत आहे. ही अळंबी खरवडून रोग जात नाही.

एका झाडाच्या लक्षणांपेक्षा आजारी झाडांची मांडणी अधिक सांगते, म्हणून साध्या कागदावर त्यांच्या जागा खुणेने दाखवाव्यात. एकाच जातीची झाडे सर्वत्र विखरून आजारी असतील, तर त्या जातीच्या किडीचा किंवा रोगाचा संशय घ्यावा. निरनिराळ्या जातींची झाडे एकाच सखल पट्ट्यात पिवळी पडली असतील, तर पाणी साचून मुळे गुदमरली असण्याचा संभव अधिक. मध्यभागी मेलेली, कडेला सुकत चाललेली आणि वर्षागणिक रुंदावणारी झाडांची गोलाकार क्षेत्रे मुळकुजीकडे बोट दाखवतात. हा नकाशा न करता औषध फवारणे म्हणजे बहुतेक वेळा पैसा आणि हंगाम दोन्ही वाया घालवणे होय.

मोठ्या क्षेत्रात प्रत्येक झाड तपासणे शक्य नसल्यास १७.८४ मीटर त्रिज्येची वर्तुळे आखावीत. सपाट जमिनीवर असे एक वर्तुळ ०.१ हेक्टर भरते. उतारावर दोरी आडवी, समपातळीत धरून मोजावे. वर्तुळातील प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, घेर मोजावा आणि त्या जागी रंगाची रेघ मारावी, म्हणजे पुढच्या वर्षी फीत तेथेच बसेल. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. याच वर्तुळात रोपटी आणि कोवळी झाडेही मोजावीत. वरची झाडे कितीही डेरेदार असली, तरी खाली नवी पिढी नसेल तर ते वन म्हातारे होत चालले आहे. तेथे चराई काही वर्षे थांबवणे हा तोडीपेक्षा आधी करण्याचा उपाय आहे. किती लाकूड काढावे, हे दरवर्षीच्या घेरवाढीवरून ठरवावे; वाढीपेक्षा जास्त तोड झाली की भांडवलच कमी होऊ लागते.

वाळलेली फांदी कापताना तिच्या बुडाशी असलेला फुगीर कंगोरा राखावा, कारण जखम तेथूनच भरून येते. रोगट झाडावर वापरलेली करवत निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. बांडगूळ काढताना त्याच्या खालच्या फांदीचा भागही कापावा आणि हे काम त्याची फळे पिकण्यापूर्वी उरकावे, कारण पक्षी ती बी दूरवर नेतात. प्रत्येक मेलेले झाड मात्र काढून टाकू नये. वाटेपासून दूर असलेली, जिवंत किडीचा मागमूस नसलेली काही वठलेली झाडे सुतारपक्षी आणि घुबडे यांच्यासाठी उभी राहू द्यावीत; सुतारपक्षी खोडातील अळ्या टिपतो आणि घुबड उंदीर आटोक्यात ठेवते. ताजा भुसा पडत असलेली खोडे मात्र किड्याचे प्रौढ बाहेर पडण्यापूर्वी तोडून वनाबाहेर न्यावीत आणि त्यांची साल तेथेच पडू देऊ नये.