पंधरा दिवसांपूर्वी आजोबा काय करत होते?

वृद्धांच्या वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही इंटर्न असाल, मेडिसिनचे ज्युनियर रेसिडेंट असाल किंवा एमडी जेरियाट्रिक्सला, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकशाखेला, जावं का या विचारात असाल. पुस्तकातलं तुम्ही वाचालच. मला जे उशिरा कळलं ते आधी सांगते.

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी ७८ वर्षांचे एक आजोबा न्यूमोनियाने दाखल झाले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. अँटिबायोटिक लागू पडलं, ऑक्सिजन निघाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी राऊंडला मी सांगितलं, "पेशंट शांत आहे, काही तक्रार नाही." शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ सलाईन उपटत होते, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे. चौथ्या दिवशी आजोबांची मुलगी गावाहून आली. पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसली आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "डॉक्टर, आमचे आबा गप्प? त्यांनी आख्खी नोकरी बोलत काढलीय. पंधरा दिवसांपूर्वी भजनात झांजा वाजवत होते. काहीतरी बिनसलंय."

मी परत जाऊन त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. रविवार म्हणाले, शनिवार म्हणाले आणि तिथेच थांबून माझ्याकडे बघत राहिले. पोट तपासलं तर बेंबीखाली ताठ गोळा हाताला लागला. कॅथेटर घातल्यावर ९०० मिलिलिटर लघवी निघाली. खोकल्यासाठी आम्हीच लिहिलेल्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन होतं. प्रोस्टेट आधीच वाढलेली, त्यात हे औषध मूत्राशयाचं आकुंचन मंदावणारं आणि मेंदूवर गुंगी आणणारं. सिरप बंद केलं. पुरते भानावर यायला त्यांना तरीही आठवडा लागला. ते तीन दिवस त्यांच्या शरीरात काय चाललं असेल, याचा विचार मी आजही करते.

आजारपणात अचानक आलेल्या अशा मानसिक गोंधळाला डेलिरियम म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं "वात झालाय, वातात बडबडतोय" म्हणतात. ते निरीक्षण अचूक आहे, पण त्यात फक्त बडबडणारे पेशंट येतात. गप्प पडून राहणारा डेलिरियम जास्त वेळा निसटतो, कारण तो कुणालाच त्रास देत नाही. तो ओळखण्यासाठी १९९० साली डॉ. शॅरन इनुये यांनी मांडलेल्या पद्धतीत चार गोष्टी पाहतात. बदल अचानक झालाय आणि तो कमी-जास्त होतोय का, लक्ष टिकतं का, बोलण्यात संगती आहे का, जागेपणाची पातळी बदललीय का. पहिल्या दोन हव्यातच आणि उरलेल्या दोनांपैकी एक. यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पेशंटला तपासून मिळत नाही. माणूस आधी कसा होता हे माहीत असेल तरच मिळतं.

म्हणून नव्या माणसाला मी पहिली सवय हीच लावते. छातीचा एक्स-रे बघण्याआधी विचारा, पंधरा दिवसांपूर्वी हे काय काय करत होते?

विचारण्याचीही रीत आहे. "स्वतःचं स्वतः करतात का?" असं विचारलं की नातेवाईक "हो, सगळं करतात" म्हणून मोकळे होतात. १९६३ सालच्या कॅट्झच्या यादीत सहा कामं आहेत: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठून बसणं-चालणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. ही यादी पाठ करा, पण विचारताना आपल्या घरातलं विचारा. आंघोळीचं पाणी कोण काढतं? नऊवारी अजून स्वतः नेसतात की गाऊन घालायला लागल्या, आणि कधीपासून? दळण आणतात का? सुटे पैसे मोजून घेतात का? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत एकटे गेले होते की कुणी नेलं? एका घरात सुनेने सांगितलं, "सासूबाई काहीच करत नाहीत." खोदून विचारल्यावर कळलं की त्यांना कुणी काही करूच देत नव्हतं. करत नाहीत आणि करू शकत नाहीत, हे दोन वेगळे शेरे आहेत. केसपेपरवर वेगळे लिहा.

स्मृतीची चाचणी घेतानाही हेच. शाळेत न गेलेल्या आजींना शंभरातून सात वजा करायला सांगून त्यांना डिमेन्शिया ठरवू नका. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत मुद्दाम वेगळी चाचणी बसवली गेली ती याच कारणाने. फाल्गुनापासून चैत्रापर्यंत महिने उलटे म्हणणं कित्येक आजींना जमतं, पण डिसेंबर-नोव्हेंबर जमत नाही.

बोलणं ऐकूच गेलं नाही तर चाचणीला अर्थ उरत नाही. कानात मळ आहे का पाहा, चष्मा आणि कवळी घरून मागवा. श्रवणयंत्र नसेल तर तुमचा स्टेथोस्कोप पेशंटच्या कानाला लावा आणि छातीला लावतो त्या बाजूने हळू बोला. आणि सरसकट सगळ्यांना आजी-आजोबा म्हणू नका. एका निवृत्त शिक्षिकेने मला स्पष्ट सांगितलं होतं, "मला बाई म्हण." तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारते.

आता वार्धक्याच्या जीवशास्त्राबद्दल. परीक्षेत तुम्हाला शास्त्रज्ञ हेफ्लिक यांचं काम विचारतील. १९६१ मध्ये त्यांनी मूरहेड यांच्यासोबत दाखवलं की प्रयोगशाळेतल्या माणसाच्या पेशी सुमारे पन्नास वेळा विभागून थांबतात. टेलोमिअरवरचं, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरचं, २००९ चं नोबेल विचारतील. वार्धक्याची २०१३ मध्ये मांडलेली नऊ लक्षणं २०२३ मध्ये बारा झाली, तेही विचारतील. जरूर वाचा. विभाजन थांबलेल्या पेशी मरून जात नाहीत, आजूबाजूला सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात. हे समजलं की साध्या संसर्गाने म्हातारं माणूस इतकं का कोसळतं, याचा एक धागा हाती येतो.

पण खाटेशी उभं राहिल्यावर मला सगळ्यात कामाला येते ती एकच कल्पना, राखीव ताकदीची. तरुणपणी हृदय, मूत्रपिंड, स्नायू या सगळ्यांकडे रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता असते. वयानुसार ती शिल्लक आटते. रोजचा खर्च भागतो म्हणून बाहेरून काहीच दिसत नाही. मग तीन दिवसांचा जुलाब होतो आणि माणूस उभं राहू शकत नाही.

मूत्रपिंडाचंच बघा. ८० वर्षांच्या, ४० किलो वजनाच्या आजींचं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडाने गाळायचा टाकाऊ पदार्थ, १.० आलं. लॅबचा कागद म्हणतो नॉर्मल. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर गाळतं हे काढणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घाला: (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि बाईसाठी गुणिले ०.८५. उत्तर येतं सुमारे २८. स्नायूच कमी उरल्यामुळे क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि आकडा चांगला दिसतो. ३० च्या खाली एनॉक्सापॅरिनसारख्या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा डोस बदलावा लागतो. हे गणित पहिल्या दिवशी करा, रक्तस्राव झाल्यावर नाही.

आणि याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५८ पासून त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासत आलेला एक अभ्यास आहे. त्यात सुमारे एक तृतीयांश लोकांच्या मूत्रपिंडाचं काम वाढत्या वयातही घटलं नाही. म्हणजे वय सांगून तुम्ही त्या माणसाबद्दल फारच थोडं सांगितलेलं असतं. दोन विशीतली मुलं जितकी सारखी, त्याहून दोन ऐंशीतली माणसं कितीतरी वेगळी. "वयामुळे आहे" हे वाक्य मी केसपेपरवर लिहू देत नाही. "साठी बुद्धी नाठी" ही म्हणही नाही.

औषधांसाठी नातेवाइकांना सांगा, घरातली पिशवी जशी आहे तशी घेऊन या. चूर्ण, काढे, मेडिकलवाल्याने दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या, शेजाऱ्यांचे थेंब, सगळं. मग गोळ्या तारखेच्या क्रमाने मांडा. एका आजींची साखळी अशी निघाली: रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन, त्याने पाय सुजले म्हणून लघवीची गोळी, त्याने सारखं उठावं लागायला लागलं म्हणून लघवीची घाई कमी करणारं ऑक्सिब्युटिनिन, त्याने गोंधळल्या म्हणून झोपेची गोळी आणि त्या गोळीने पडल्या. पाच दुखणी दिसत होती, मूळ एका गोळीत होतं. पडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण बहुतेक सापडलंच. मोजायला पाच मिनिटं लागतात, पण हे मोजलेले केसपेपर मला क्वचितच दिसतात.

खाट हेही औषधासारखंच जपून वापरायचं असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी वृद्ध दहा दिवस झोपून राहिले, तर फक्त पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले. आपले पेशंट तर निरोगीही नसतात. लंडनजवळ वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ साली मार्जरी वॉरन यांच्याकडे सातशेच्या वर पेशंट सोपवले गेले. त्यातले कित्येक वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले होते. त्यांनी एकेकाला तपासलं, उठवून बसवलं, चालवलं, आणि बरेच जण घरी गेले. आपली शाखा या कामातून उभी राहिली. तुम्ही रोज इतकं तरी करा: जेवण खुर्चीत, गरज संपली की कॅथेटर बाहेर, आणि दिवसातून दोनदा वॉर्डातून एक फेरी. वॉर्डातल्या मावशी आणि मामांशी बोला. कोण जेवलं नाही, कोण रात्री जागं होतं, कोण काल चालत होतं आणि आज नाही, हे त्यांना आपल्या आधी कळतं.

शिक्षणाच्या वाटेबद्दल थोडक्यात. एमडी जेरियाट्रिक्स तीन वर्षांचं, नीट-पीजीतून. देशात ते पहिल्यांदा १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या प्रयत्नांतून सुरू झालं. २०१० च्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात मुंबईचं जे. जे. हे विभागीय केंद्रांपैकी एक ठरलं. जागा अजून फार कमी आहेत, म्हणून बरेच जण मेडिसिन करून इकडे वळतात, आणि मला तीही वाट चांगली वाटते. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं ९.९ टक्के होती, त्यामुळे काम कमी पडणार नाही. पैशाचं मात्र खरं सांगते. एका नव्या पेशंटला पाऊण तास लागतो, आणि पाऊण तासाची फी मागणं जड जातं. खासगी व्यवसायात हा ताण राहतो, तो धरूनच निर्णय घ्या.

जमेल तेव्हा पेशंटच्या घरी जा. रात्री दोनदा पडलेल्या एका आजींकडे मी गेले होते. खाटेपासून संडासापर्यंत सतरा पावलं, मध्ये दोन उंबरठे, आणि दिव्याचं बटण पलीकडच्या भिंतीवर. मुलाने त्याच आठवड्यात खाटेजवळ बटण घेतलं, संडासात आधाराचा दांडा बसवला आणि उंबरठ्यांना पांढरा रंग दिला. आजी त्यानंतरही एकदा पडल्या, मनगटाला प्लास्टर लागलं. प्लास्टर निघालं तेव्हा मी केसपेपरवर लिहिलं: रात्री संडासला स्वतः जातात, दळण मुलगा आणतो, भाजी अजून त्याच निवडतात.