फोनवरून अन्नातले जिवाणू शोधताय? या चुका टाळा

अन्नाचा नुसता फोटो काढून त्यात साल्मोनेला (अन्नातून आजार पसरवणारा जिवाणू) आहे की नाही, हे कोणतंही ॲप सांगू शकत नाही. हा जिवाणू साधारण 2 ते 5 मायक्रोमीटर लांबीचा असतो. तो साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही आणि त्याच्यामुळे अन्नाचा रंग किंवा वास बदलेलच असंही नाही. फोन वाचतो तो अन्नाचा नमुना लावलेल्या चाचणीच्या पट्टीवरचा रंग, नाहीतर जास्तीची लेन्स लावून टिपलेली नमुन्यातली चमक. ॲपमधल्या मॉडेलला, म्हणजे फोटो पाहून निकाल द्यायला शिकवलेल्या प्रोग्रॅमला, दोष देण्याआधी ही पट्टी आणि तिचा फोटो तपासा.

जिवाणू असल्याची खूण म्हणून पट्टीवर उमटणारी फिकट रेघ एका फोटोत ठळक दिसते, दुसऱ्यात गायब होते. बहुतेक वेळा हा फोनच्या आपोआप बदलणाऱ्या व्हाइट बॅलन्सचा (रंगांचा तोल साधणारी सोय) आणि एचडीआरचा (उजळ-गडद भाग सारखे करणारी सोय) प्रताप असतो. बाहेरचा उजेड आत येणार नाही असा डबा करा, त्यात एकच एलईडी लावा, फोनचं अंतर पक्कं करा, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. प्रत्येक फोटोत शेजारी तुलनेसाठी ठरलेल्या रंगांचं एक कार्ड असू द्या. फोटोही ठरलेल्या मिनिटालाच घ्या, कारण पट्टी वाळू लागली की खोटी रेघ उमटू शकते.

सगळ्यात फसवी चूक मात्र डेटा विभागण्यात होते. एकाच पट्टीचे वीस फोटो काढायचे, ते मिसळून काही ट्रेनिंगला (मॉडेल शिकवायला) आणि काही टेस्टला (ते तपासायला) द्यायचे, की अचूकता झकास येते! मॉडेलने ती पट्टी आधीच पाहिलेली असते. फोन बदलला की तेच मॉडेल कोलमडतं. म्हणून विभागणी फोटोंची नको, नमुन्यांची करा. टेस्टसाठी वेगळ्या दिवसाचे, जमल्यास वेगळ्या फोनचे फोटो ठेवा. एक सोपी तपासणी आहे, ती मी प्रत्येकाला करायला सांगेन: रेघेचा भाग काळ्या चौकोनाने झाकून मॉडेल चालवा. तरीही उत्तरं बरोबर येत असतील, तर ते टेबलाचा रंग किंवा सावली पाहून सांगतंय.

नुसत्या अचूकतेवर भुलू नका. 100 पैकी 5 नमुने दूषित असतील, तर सगळ्यांना 'ठीक' म्हणणारं मॉडेलही 95 टक्के अचूक ठरतं, आणि पाचही दूषित नमुने सुटतात. किती सुटले, तो आकडा आधी सांगा.

नमुना तयार करतानाही जिवाणू सुटू शकतात. तयार अन्नासाठी साल्मोनेलाचा नेहमीचा निकष 25 ग्रॅममध्ये एकही नसावा असा आहे, म्हणून प्रयोगशाळेत आधी जिवाणूंची संख्या वाढवून घेतात. ही पायरी गाळली की थोडेसे जिवाणू हाती लागत नाहीत. पण हे काम घरी मुळीच करू नका. वाढवलेला नमुना मूळ अन्नापेक्षा कितीतरी घातक असतो.

शिवाय साल्मोनेला नसला तरी धोका दुसराही असू शकतो: स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू उकळल्यावर मरतो, त्याचं विष मात्र टिकू शकतं. त्यामुळे ॲपच्या पडद्यावर 'अन्न सुरक्षित' असं कधीही लिहू नका. 'या चाचणीत साल्मोनेला आढळला नाही' एवढंच लिहा.