शिशाच्या थराचे रंग: व्होल्टवर विसंबू नका

रबाळे एमआयडीसीत चार वर्षं टायटॅनियमचं ॲनोडायझिंग, म्हणजे विजेने त्यावर ऑक्साइडचा रंगीत थर चढवायचं काम, केलं, त्यामुळे विजेने धातूला रंग चढवणं मला येतं अशी माझी समजूत होती. मग ठाण्यात जुन्या शोभेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी टेबलावरच्या घंटेची टोपी माझ्यासमोर ठेवली. पितळेवर निकेल, त्यावर मोरपंखी रंग, तोही अर्धा उडालेला. "एवढं परत करून दे रे." त्या एका टोपीने माझे सात महिने खाल्ले. हे काम आता कुणी धंदा म्हणून करत नाही, पण जुन्या वस्तूंच्या नादाने अधूनमधून एखादा मुलगा विचारायला येतो. त्याच्यासाठी हे लिहितोय.

रंगाचा थर लेड डायऑक्साइडचा, म्हणजे शिशाच्या एका ऑक्साइडचा असतो, आणि थराच्या जाडीनुसार रंग बदलतो. इटलीच्या लिओपोल्दो नोबिली यांनी १८२६ मध्ये लेड ॲसिटेटच्या द्रावणात घासून चकचकीत केलेला पत्रा ठेवला, त्यासमोर प्लॅटिनमचं टोक धरून वीज सोडली आणि पत्र्यावर इंद्रधनुषी वलयं उठली. पुढे न्यूरेंबर्गचे कारागीर धातूची खेळणी असल्या रंगांनी सजवायचे. ते मुरदाडशिंग (शिशाचाच आणखी एक ऑक्साइड) कॉस्टिकमध्ये, म्हणजे तीव्र अल्कलीत, विरघळवून बाथ, म्हणजे वस्तू बुडवायचं द्रावण, करत. जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, पॉझिटिव्हला लावायचा, हे लक्षात ठेवा. प्लेटिंगच्या सवयीने हात निगेटिव्हकडे जातो आणि जॉबवर राखाडी शिसं बसतं.

आता मी कुठे फसलो ते सांगतो. टायटॅनियमचा ऑक्साइड वीज वाहून नेत नाही. तीस व्होल्टच्या आसपास निळा येतो, थर वाढता वाढता स्वतःच करंट अडवतो आणि थांबतो. तुम्ही चहा पिऊन आलात तरी निळा निळाच राहतो. लेड डायऑक्साइड मात्र वीज उत्तम वाहतो, गाडीच्या बॅटरीची पॉझिटिव्ह प्लेट त्याचीच असते. त्यामुळे हा थर थांबतच नाही. पिवळट, तांबूस, जांभळा, निळा असे रंग डोळ्यांदेखत निघून जातात आणि शेवटी काळपट तपकिरी उरतो. इथे व्होल्ट रंग ठरवत नाही. किती वीज किती क्षेत्रातून गेली, ते ठरवतं. मी व्होल्ट पक्के धरून बसलो होतो. बाथ गार असला की करंट कमी, कोमट असला की जास्त, आणि दोन जॉब कधी एकसारखे निघेनात. मी कॉस्टिक बदललं, मुरदाडशिंग दुसऱ्या दुकानातून आणलं, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन बदलले. चूक यातल्या कशातच नव्हती.

फॅरेडेचं गणित, म्हणजे किती विजेने किती थर बसतो याचा हिशोब, मांडा, ते कामाला येतं. सगळा करंट थरातच गेला असं धरलं तर १०० नॅनोमीटर जाडीला दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.०७६ कूलोम (करंट गुणिले सेकंद, हे विजेचं माप) लागतात. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक मिलिॲम्पिअर दिला तर ७६ सेकंद. मिलिॲम्पिअर मीटर जोडा, करंट कायम ठेवा, हातात स्टॉपवॉच घ्या.

एवढं करूनही टोपीची एक बाजू निळी, दुसरी तांबूस येत होती. नोबिलींची वलयं उठली ती याच कारणाने: टोकाच्या जवळ करंट जास्त, तिथे थर जाड, लांब गेलं की पातळ. मी निगेटिव्हला एकच तार एका बाजूला सोडली होती, म्हणजे ती वलयं मीच काढत होतो. स्टेनलेसची जाळी नळकांड्यासारखी वळवा आणि जॉब बरोबर मधोमध टांगा. कडा तरीही थोड्या पुढे पळतात, ते चालतं.

वागळे इस्टेटमधले एक मिस्त्री मला प्रत्येक वेळी "अजून थोडं ठेव" एवढंच सांगायचे. माणूस प्रेमळ, पण त्यांच्यापाशी वही नव्हती. माझं ठाम मत आहे: करंट, वेळ, तापमान लिहून न ठेवणाऱ्याकडे हे काम शिकू नका. रंग पुढे गेला तर पोल उलटे करून मागे आणा, असंही कुणी सांगेल. तसं केलं की थराचं शिसं होतं आणि जॉब राखाडी पडतो. थर उतरवून पहिल्यापासून सुरुवात करा.

आणि हे शिसं आहे. घरच्या स्वयंपाकघरात किंवा बाल्कनीत हे करायचं नाही. हातमोजे, चष्मा, जेवणाआधी हात धुणं, कामाचे कपडे वेगळे. सुका थर घासून धूळ उडवायची नाही. खेळण्याला, दागिन्याला, भांड्याला हा रंग कधीच नको. द्रावण नाल्यात ओतलं की ठाण्याच्या खाडीत जातं. ते ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असलेल्या कारखान्याच्या हवाली करा, गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जाऊ दे. ही सोय नसेल तर काम घेऊच नका.

सोय असेल तर घाबरू नका. पहिले वीस-पंचवीस तुकडे बिघडतातच. निकेल केलेल्या पत्र्याचे रुपयाएवढे तुकडे कापा, दर पाच सेकंदांनी एक बाहेर काढा, मागे वेळ लिहा आणि ओळीने चिकटवा. माझी ती पट्टी अजून टेबलाच्या काचेखाली आहे. काकांची टोपी शेवटी ६८ सेकंदांत जमली. त्यांनी ती खिडकीशी नेली, उजेडात फिरवून फिरवून पाहिली आणि दुसरी घंटा काढायला कपाटाकडे गेले.