एकाच शहरातील दोन इस्टेट एजंट संघटनांचे विलीनीकरण कसे करावे

सदनिका एका एजंटाने दाखवली आणि व्यवहार दुसऱ्याने पूर्ण केला, तर दलाली कोणाची, हा या व्यवसायातील नित्याचा वाद आहे. एवढ्या रकमेसाठी न्यायालयात जाणे सहसा परवडत नाही. अनुभवी समव्यावसायिकांसमोर बसूनच तो मिटतो आणि स्थानिक संघटनेचे खरे मोल त्यातच आहे. मात्र वादातील दोघे दोन वेगळ्या संघटनांचे सभासद असले, की निवाडा कोणाचा मानायचा, येथेच घोडे अडते.

म्हणूनच विलीनीकरणाचा आरंभ ठरावापासून न करता संयुक्त तंटा समितीपासून करावा. समितीच्या नोंदवहीत जागा दाखविल्याची तारीख, ग्राहकाशी व मालकाशी झालेला व्हॉट्सअ‍ॅपवरील संवाद आणि दलालीच्या वाटणीबाबत आधी ठरलेले बोलणे यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. काही महिने हे काम चालवून पाहावे. समितीचे निर्णय दोन्हीकडील सभासद पाळत नसतील, तर विलीनीकरणाची घाई करू नये.

त्यानंतर सभासदांची एकच यादी करावी. दुबार नावे वगळावीत आणि प्रत्येकाचा महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक व त्याची मुदत तपासावी. ही नोंदणी पाच वर्षांसाठी असते. नोंदणीविना महारेरा-नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकणाऱ्या एजंटास प्रतिदिन 10,000 रुपये, व एकूण त्या सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. शिवाय महारेराच्या 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण व सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक केले आहे. नवख्यांची परीक्षेची तयारी करून घेणे हे एकत्रित संघटनेचे पहिले उपयुक्त काम ठरू शकेल.

दोन्ही संघटना संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेल्या असतील, तर कलम 12 चा क्रम काटेकोरपणे पाळावा. कार्यकारिणीने लेखी प्रस्ताव प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या दहा दिवस आधी पाठवावा. सभेत तो सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी संमत व्हावा लागतो आणि एक महिन्याच्या अंतराने बोलावलेल्या दुसऱ्या विशेष सभेत उपस्थितांच्या तीन-पंचमांश मतांनी कायम व्हावा लागतो. टपालाच्या पावत्या, हजेरीपट व इतिवृत्त जपून ठेवावे, कारण पुढे नाराज गट हरकत घेतो ती बहुधा सभेच्या सूचनेवरच. संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या असल्यास धर्मादाय कार्यालयाची प्रक्रिया वेगळी करावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 50अ खाली दोन्ही न्यासांच्या एकत्रीकरणाची योजना मागता येते, तर विश्वस्तांतील बदलाचा अहवाल कलम 22 प्रमाणे नव्वद दिवसांत द्यावा लागतो.

नव्या नियमावलीत दलालीचा किमान दर घालण्याचा आग्रह हमखास होतो. तो मान्य करू नये. व्यावसायिकांनी संघटनेमार्फत दर ठरवून घेणे स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 च्या कचाट्यात येऊ शकते. एजंटांनी आपापसांत वाटणीबाबत आधी लेखी नोंद करावी, एवढाच नियम पुरेसा आहे.

राहता राहिला अध्यक्षपदाचा प्रश्न, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वाटाघाटी त्यावरच फिसकटतात. पहिल्या कार्यकाळापुरते पद दोन्ही गटांनी आळीपाळीने भूषवावे आणि तसा उल्लेख प्रस्तावातच करावा. जुनी बँक खाती मात्र लेखापरीक्षण व धर्मादाय कार्यालयातील नोंदी पूर्ण होईपर्यंत बंद करू नयेत.