मीठ, ओल आणि करंट: किनाऱ्यावर फोन कसा निवडावा, कसा जपावा

हर्णैच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी खाली वाळूत मासळीचा लिलाव सुरू होतो आणि तो उठला की गिऱ्हाईक वर चढून येतं. हात ओले, खिसा ओला, खिशातला सेटही ओला. नवीन फोन, पॉवर बँक, इयरबड्स कुठले घ्यावेत हेही लोक मलाच विचारतात. माझा नियम असा की जी वस्तू इथे जून ते सप्टेंबर एक पावसाळा काढत नाही, तिच्याबद्दल मी छातीठोक बोलत नाही. दुकानात एक वही आहे. वस्तू कधी आली, कुठे ठेवली, दसऱ्याला तिची पिन कशी दिसते, एवढंच तिच्यात लिहिते. कॅमेरा, स्क्रीन, प्रोसेसर यांचं मोजमाप शहरातली मंडळी व्हिडिओत चांगलं करून दाखवतात, ते जरूर बघा. खाऱ्या वाऱ्यात ती वस्तू किती टिकते, ते मात्र इथेच कळतं.

हे काम मी चिपळूणला शिकले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या गुरूंचं दुकान छतापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर मी आठवडाभर तिथे जाऊन बसले होते. चिखलातून शेकडो सेट बाहेर काढले, धुतले, ब्रशने घासले, वाळवले. त्यात एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. दुरुस्तीसाठी बॅटरी काढून ठेवलेले बरेचसे बोर्ड धुतल्यावर चालू झाले. बॅटरी जोडलेली राहिली होती ते बहुतेक गेले. पाणी तेच, चिखल तोच, तास तितकेच. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आले आहे की मीठ, ओल आणि करंट ही तीन माणसं एका खोलीत येऊ द्यायची नाहीत. पुढचं जे काही सांगते ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आधी सगळ्यात जास्त वेळा घडणारी गोष्ट घेऊ. फोन समुद्राच्या पाण्यात पडला. मागच्या ऑक्टोबरात एक खलाशी पोरगा आला. "ताई, होडीत पान्यात पडला. दोन दिस तांदलात ठेवलेला, आता चार्जिंगच घेत नाय." मागचं झाकण उघडलं. चार्जिंगच्या जॅकच्या तोंडात तांदळाची कणी अडकली होती. बॅटरीच्या कनेक्टरभोवती पांढरी साय धरली होती आणि तिच्या कडेला हिरवा-निळा रंग चढला होता, सुपारीवर फवारायला आपण मोरचूद भिजवतो ना, अगदी तसा. भिंगाखाली बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढ्या दोन पिना होत्याच कुठे? तांबं खाऊन गेलं होतं. ते दोन दिवस फोन बंद होता, पण आतली बॅटरी जोडलेलीच होती. खारं पाणी करंट वाहून नेतं आणि करंट वाहतो तिथलं तांबं झिजतं. तांदूळ थोडीफार ओल ओढेलही, मीठ ओढत नाही. पाणी उडून गेलं तरी मीठ बोर्डावरच बसतं आणि पावसाळी हवेतून पुन्हा ओल धरतं.

म्हणून फोन खाऱ्या पाण्यात पडला तर बाहेर काढल्याबरोबर तो बंद करा. चालतोय का हे बघायला स्क्रीन चालू करू नका, कुणाला फोन लावून बघू नका, आणि चार्जरला तर अजिबात लावू नका. कव्हर काढा, सिमचा ट्रे काढा, जॅकचं तोंड खाली धरून पाणी निथळू द्या. फोन पाणीरोधक असेल आणि काच फुटलेली नसेल तर बंद अवस्थेतच गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरून मीठ धुऊन टाका. साधा फोन असेल तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा. बटणाचा जुना सेट असेल तर पहिल्या मिनिटात बॅटरी काढा, निम्मी लढाई तिथेच जिंकता. मग पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा आणि त्याच दिवशी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवेल, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुवेल. दोन तासांत आलेला सेट मी बहुतेक वेळा वाचवते, दोन दिवसांनी आलेल्याची खात्री देत नाही. केस सुकवायचं यंत्र, चूल, गाडीच्या काचेमागचं ऊन हे उपाय करू नका. उष्णतेने बॅटरी बिघडते. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. जळाऊ वस्तूंपासून लांब, घराबाहेर सावलीत ठेवा आणि दुकानात कळवा.

आता खरेदीकडे. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणतो तेव्हा खोक्यावरचा आयपीचा आकडा वाचा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६८ मध्ये त्याहून जास्त खोली असते आणि ती किती, किती वेळ, हे बनवणारी कंपनी सांगते. पण ही परीक्षा नव्या फोनवर, गोड्या आणि स्थिर पाण्यात होते. लाट, मीठ आणि वाळू त्या परीक्षेत नाहीत. एकदा फोन आपटला किंवा डिस्प्ले बदलायला उघडला की आतली चिकटपट्टी पहिल्यासारखी राहत नाही आणि तो आकडा फक्त खोक्यावर उरतो. पाण्याने झालेला बिघाड बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, आयपी ६८ असला तरी. तरीही बोटीवर जाणाऱ्याने किंवा आंब्या-काजूच्या बागेत भर पावसात फिरणाऱ्याने महागड्या कॅमेऱ्याऐवजी या आकड्यावर पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे. बजेट बसत असेल तर वायरशिवाय चार्ज होणारा फोन बघा. जॅकमध्ये रोज पिन घालायची वेळच येत नाही, आणि इथे सगळ्यात आधी जातो तो जॅकच.

जॅक का जातो ते एकदा भिंगातून दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. टाइप-सीच्या पूर्ण सॉकेटमध्ये मधल्या जिभेवर दोन्ही बाजूंना मिळून २४ पिना असतात. इथे बिघडलेल्या जॅकमध्ये त्या सगळ्या सारख्या खराब झालेल्या नसतात. ज्या पिनांतून चार्जिंगचा करंट येतो त्या आधी काळ्या पडतात, शेजारच्या अजून सोनेरी असतात. ओल्या जॅकमध्ये केबल घातली की हे होतं. फोन "पोर्टमध्ये ओलावा आहे" अशी सूचना देतो तेव्हा तो आपल्याला वाचवत असतो. ती सूचना बाजूला सारून चार्ज करू नका. फोन तोंड खाली करून तळहातावर हलकेच आपटा, पंख्याखाली तासभर ठेवा. सुई, टाचणी आत घालू नका. केबलचं टोकही पुसायला विसरू नका, खिडकीत लोंबत राहिलेली केबल रात्रभर खारा वारा पीत असते. चार्जर खिडकीपासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांबच्या प्लगला ठेवा. माझ्या वहीत एकाच खोक्यातल्या दोन केबल आहेत. समुद्राकडच्या खिडकीतली गणपतीपर्यंत तांबूस झाली, माजघरातली अजून चालते.

पॉवर बँकेचं महत्त्व आम्हाला ३ जून २०२० ला कळलं. निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत लाइट यायला तीन आठवडे लागले. लोक गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचे, दोन घरं मिळून एक फोन चालू ठेवायची. तेव्हा मोठ्या आकड्याच्या स्वस्त पॉवर बँका अर्ध्यावर बंद पडलेल्या मी बघितल्या. १०,००० एमएएच (बॅटरीत किती साठतं त्याचं माप) हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-अवर. बाहेर ५ व्होल्टने देताना ६,००० एमएएचच्या आसपासच हाती लागतं. चांगली कंपनी हा दुसरा आकडा "रेटेड कपॅसिटी" म्हणून बारीक अक्षरात छापते. तो छापलेला नसेल तर मी ती वस्तू विकत नाही. ५,००० एमएएचच्या फोनला अशी पॉवर बँक साधारण दीड वेळा भरते असं धरून चाला. चार्जर आणि पॉवर बँक दोन्हींवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकून बघा, कंपनीचं नाव जुळतं का ते लगेच समजतं. मे महिन्यात सगळं पूर्ण भरून ठेवा.

घरात रेंज नाही ही तक्रार रोजची. चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल अडवतात, नवा फोन घेऊन ते बदलत नाही. घरी वाय-फाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा, पैसे न खर्चता प्रश्न सुटतो. लाइट गेल्यावर राउटर चालू राहावा म्हणून छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, ते वाचून जा. आणि घाटात शिरण्यापूर्वी नकाशा डाउनलोड करून ठेवा.

विजेबद्दल थोडं कळकळीने सांगते. आमच्याकडे वीज जास्त कोसळते ती पावसाच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात. लोक टीव्हीचा प्लग काढतात आणि डिशची केबल तशीच ठेवतात. छतावरच्या त्या तारेतून आलेला झटका टीव्हीचा बोर्ड जाळतो. मळभ दाटून गडगडायला लागलं की प्लग, डिशची केबल आणि राउटरमधून टीव्हीत गेलेली लॅन वायर, तिन्ही काढा. फायबरची तार काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरचा ॲडॅप्टर शेवटी भिंतीलाच लावलेला असतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या. स्पाइक गार्ड, म्हणजे विजेचा झटका अडवणारा प्लगबोर्ड, घेतला तरी घराला नीट अर्थिंग नसेल तर तो अर्धंच काम करतो. जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत जा आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

चाकरमान्यांच्या बंद घरांचं वेगळं असतं. गणपतीला येतात, टीव्ही लावतात आणि तो उठत नाही. रोज तासभर चालणारं यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं, बंद घरात ती ऊब नाही. जाताना रिमोटचे, टॉर्चचे, घड्याळाचे सेल काढून ठेवा, ते पाझरतात. टीव्ही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा आणि शेजारच्या काकांना किल्ली देऊन महिन्यातून एकदा तो चालू करायला सांगा. इन्व्हर्टरच्या जाळीतून पाल आत शिरून बोर्ड शॉर्ट झालेला मी दर वर्षी बघते, तेव्हा जाळीवर बारीक कापड न लावता मच्छरजाळीचा तुकडा लावा. हवा खेळती राहिली पाहिजे. जुना फोन मागे ठेवून जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरलेली असू दे. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी पडून पडून लवकर खराब होते.

सेकंडहँड फोन घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या सेटचा ओळख क्रमांक, घ्या, केवायएम (KYM) लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ ला मेसेज करा. चोरीचा म्हणून नोंदवलेला असेल तर तिथे दिसतं. सिमच्या ट्रेच्या खाचेत टॉर्च मारून बघा, बऱ्याच फोनमध्ये तिथे पांढरं बारीक स्टिकर असतं आणि पाणी लागलं की ते लाल होतं.

आणि एक डबा करा. घट्ट झाकणाचा, वापरात नसलेला. त्यात सिलिका जेलचे नारिंगी दाणे कापडी पुरचुंडीत बांधून टाका. वापरात नसलेले इयरबड्स, कॅमेरा, जुना फोन, जादाच्या केबली सगळं रात्री त्यात. कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी लागली की ती सहजासहजी निघत नाही, आणि आमच्या हवेत एका पावसाळ्यात लागते. इयरबड्स आत ठेवण्याआधी त्यांच्या चार्जिंगच्या ठिपक्यांवरून कोरडा कापूस फिरवा, घामातही मीठच असतं. दाणे हिरवट झाले की ओल पिऊन झाली समजा. जुन्या, स्वयंपाकाला न लागणाऱ्या तव्यावर मंद आचेवर परता, रंग पुन्हा नारिंगी झाला की गार करून परत डब्यात. पावसाळ्यात माझ्याकडे हे दर दहा-बारा दिवसांनी करावं लागतं, शुक्रवारी दुपारी, लिलावाची गर्दी वर यायच्या आत.