रुग्णालयातले सुधारणा प्रकल्प का फसतात: या चुका टाळा

एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाची, तपासणी जवळ आली की रुग्णालयांत सुधारणा प्रकल्पांची घाई उडते. परिपत्रक निघतं, तासाभराचं ट्रेनिंग होतं, हजेरीपटावर सह्या होतात आणि प्रकल्प सुरू झाला असं सगळे धरून चालतात. पुढे तेच ते घोळ होतात. त्यातले दोन फार महाग पडतात.

न तपासलेला बदल सगळ्या वॉर्डांत एकदम लावणे

पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात एक तारखेपासून सगळ्या वॉर्डांना फर्मान गेलं: ऑर्डर लिहिल्यापासून दोन तासांत डिस्चार्ज. आठवड्याभरात आकडे सुधारले, पण नातेवाईक बिलिंगच्या खिडकीपाशी पूर्वीइतकेच ताटकळत होते. फाइल पूर्ण झाल्यावरच ऑर्डरची वेळ टाकायची, अशी वॉर्डांत सवय पडली होती. सिस्टरांना दोष देऊन काय उपयोग? सकाळच्या हँडओव्हरनंतर औषधं, राउंड, नवीन ॲडमिशन हे सगळं त्यांच्याच अंगावर असतं आणि फर्मानाने त्यातलं एकही काम हलकं केलं नव्हतं.

आधी घड्याळ कुठे सुरू आणि कुठे बंद, ते ठरवा. राउंडला कन्सल्टंट ‘आज घरी’ म्हणाले ती सुरुवात, खाट रिकामी झाली तो शेवट. कॅशलेस आणि रोख रुग्णांचा हिशेब वेगळा ठेवा. विमा कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं विमा नियामक आयआरडीएआयचं २०२४चं परिपत्रक सांगतं. तो वेळ तुमच्या वॉर्डाच्या हातात नाही आणि दोन्ही रुग्ण एकत्र मोजले तर वॉर्डातली सुधारणा त्यात बुडून जाते.

मग एक कन्सल्टंट आणि एकच रुग्ण घ्या, तोही उद्याच. आदल्या संध्याकाळी सहाला आरएमओने, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने, डिस्चार्ज समरीचा मसुदा करायचा. त्याआधी अंदाज लिहून ठेवायचा: ‘फाइल सकाळी दहाला बिलिंगला पोचेल.’ समजा, ती साडेअकराला पोचली. शोधल्यावर कळतं की समरी तयार होती, पण सकाळच्या डोसानंतर उरलेली औषधं मोजून फार्मसीला परत जाईपर्यंत बिल बंदच होत नाही. दुसऱ्या चाचणीत रात्रीच्या डोसानंतर फक्त सकाळचा डोस बाजूला ठेवून बाकीची औषधं परत पाठवा. तिसरी चाचणी रविवारी करा, कारण त्या दिवशी माणसं कमी असतात.

पीडीएसए म्हणतात ते हेच: योजना, कृती, अभ्यास, पुढचं पाऊल. गुणवत्ता-सुधारणेचे तज्ज्ञ डेमिंग तिसऱ्या पायरीला ‘तपासणी’ऐवजी ‘अभ्यास’ म्हणण्याचा आग्रह धरत. अंदाज आणि घडलेलं शेजारी ठेवलं तरच अभ्यास होतो. अंदाज न लिहिता केलेली चाचणी आमच्या लेखी चाचणीच नव्हे. निकाल काहीही आला तरी ‘असंच वाटलं होतं’ म्हणणारे निघतातच. एका रुग्णावर जमलं की पाच, पाचांवर जमलं की पंचवीस. नवख्यांना हे संथ वाटतं. पण एका रुग्णाची चाचणी एका दिवसात आटोपते आणि फसलेलं परिपत्रक मागे घ्यायला महिने जातात.

आधीची सरासरी आणि नंतरची सरासरी

दुसरा घोळ आकड्यांचा. ऑगस्टची सरासरी अमुक, डिसेंबरची तमुक, दोन स्तंभ आणि खाली हिरवा बाण. पुण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे डेंग्यूच्या रुग्णांनी वॉर्ड भरलेले असतात. डिसेंबरला गर्दी ओसरते आणि डिस्चार्ज आपोआप लवकर होतात. त्याचं श्रेय प्रकल्पाला देणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर त्या आठवड्यातल्या डिस्चार्जच्या वेळांचा मध्यक, म्हणजे वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. बदलाआधीचे किमान दहा बिंदू हवेत. त्यांच्या मध्यकाची रेघ पुढे ओढा. सलग सहा किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले, किंवा सलग पाच बिंदू चढत वा उतरत गेले, तर खरोखर काही बदललंय. रेघेवरच पडलेला बिंदू पहिल्या नियमात मोजायचा नाही. प्रत्येक बिंदू वर की खाली ही शक्यता साधारण निम्मी-निम्मी, म्हणून सलग सहा एकाच बाजूला येणं निव्वळ योगायोगाने क्वचित घडतं. एका चांगल्या आठवड्यावर पेढे वाटू नका.

आलेखावर तारखा आणि कारणं लिहा. अनंत चतुर्दशीला मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात आणि नातेवाईक पोचू शकत नाहीत. पालखी शहरात असतानाही तेच. त्या आठवड्याचा बिंदू वर गेला तर कारण समोर दिसलं पाहिजे. आलेख वॉर्डातल्या फलकावर लागावा. क्वालिटी विभागाच्या लॅपटॉपमध्ये बंद राहिलेला आलेख सिस्टरांच्या काय कामाचा?

बाकीच्या चुका, थोडक्यात

- ‘डिस्चार्ज सुधारणे’ हे उद्दिष्ट होत नाही. कोणता वॉर्ड, कोणते रुग्ण, किती तास आणि कधीपर्यंत, हे एका वाक्यात यायला हवं.
- प्रत्येक फाइल तपासू नका. आठवड्याला वीस फाइली पुरतात, पण त्या चिठ्ठी टाकून निवडा. नीटनेटक्या तेवढ्या उचलू नका.
- हात धुण्याचं निरीक्षण सांगून करू नका. वही घेतलेला माणूस दिसला की सगळे सॅनिटायझरकडे वळतात. डब्ल्यूएचओने सांगितलेले पाचही प्रसंग पाहा, विशेषतः रुग्णाला हात लावण्याआधीचा, कारण तो फार चुकतो.
- पोस्टर हा बदल नव्हे. सॅनिटायझरची बाटली खाटेच्या पायथ्याशी बसवली, तर तो बदल.
- वाढणारा धोकाही मोजा. डिस्चार्ज लवकर झाले, पण औषधांबद्दल विचारायला घरून येणारे फोन वाढले किंवा रुग्ण परत भरती झाले, तर घाई नडली आहे.
- टीममध्ये बिलिंगचा, फार्मसीचा माणूस आणि वॉर्डातल्या मावशी हव्यातच. खाट रिकामी होऊनही तयार का होत नाही, याचं उत्तर मावशींकडे असतं.
- सगळ्या चाचण्या उत्साही इनचार्ज सिस्टरांच्या सकाळच्या पाळीत उरकू नका. रात्रपाळीत, बदली सिस्टर आणि नवा आरएमओ असताना जे टिकत नाही, ते दुसऱ्या वॉर्डात नेऊ नका.