गोफणीतला दगड आणि माझं अडलेलं गणित

दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग औशाजवळच्या गावातून थेट लातूरला अकरावी. क्लासमध्ये फ्रेम ऑफ रेफरन्स, म्हणजे गती कुठून बघून मोजायची ते, एका तासात उरकलं. व्याख्या मला पाठ होती, तुम्हालाही असेल. तरी वर्तुळाकार गतीचं प्रत्येक गणित चुकायचं आणि चुकीच्या उत्तराचा वजा एक गुण पडत राहायचा.

मी काय करायचे, तर आकृतीत दोरीचा ताण आत दाखवायचे, सेंट्रिफ्यूगल फोर्स, म्हणजे फिरणाऱ्याला बाहेर ओढल्यासारखं वाटणारं बल, बाहेर दाखवायचे आणि वर समीकरणात त्वरणही लिहायचे. पाहणारी मी जमिनीवरही आणि दगडावरही! हे असं कधीही करू नका.

संक्रांतीला गावी गेले तेव्हा ज्वारी हुरड्यात होती. आजोबा माळ्यावर उभे राहून पाखरं हाकत होते. गोफण डोक्यावर गरगर फिरवली, एक दोरी सोडली. दगड सुटला तो दोरीला काटकोनात, सरळ. बाहेरच्या बाजूला वळला नाही. मी त्यांना दहा वेळा फेकायला लावलं. जमिनीवरून पाहिलं तर बाहेर ओढणारं कुणी नव्हतंच.

आता आकडे घ्या. दगड 100 ग्रॅम, दोरी 1 मीटर, वेग सेकंदाला 10 मीटर, वजन तूर्त बाजूला ठेवू. जमिनीवरून बघणाऱ्याला बल एकच, 10 न्यूटन, आत, त्वरण 100. दगडावर बसलेल्याला 10 न्यूटन आत, 10 बाहेर, आणि दगड जागच्या जागी, त्वरण शून्य. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. माझा तिसराच होता, दोन्ही बलं घेऊन वर त्वरण 100. तसं कुणालाच दिसत नाही.

एसटीचा ब्रेकही तसाच. सेकंदाला 15 मीटरवरून 5 सेकंदांत थांबली, तर मंदन 3. बसमध्ये बसून गणित करायचं तर 60 किलोच्या माणसाला पुढे 180 न्यूटनचा स्यूडो फोर्स, म्हणजे फक्त बसमधून बघणाऱ्यासाठी धरायचं आभासी बल, लावा. रस्त्यावरून करायचं तर तो अजिबात लावू नका.

शॉर्टकटच्या वह्यांवर माझा राग आहे. ‘सेंट्रिफ्यूगल लावा, उत्तर येतं’ असं त्यात असतं. कुठं उभं राहून लावायचं ते नसतं. जे सर आधी ‘तू कुठून बघतेस?’ विचारतात, त्यांना धरून राहा, मग फी कमी असो की जास्त. आणि दोन महिने डोक्यात शिरलं नाही म्हणून घाबरू नका, मला सहा लागले.

लिफ्टमध्ये टांगलेली पुली आणि तिच्या दोरीला दोन्हीकडे वजनं, या गणितावर माझा हात अजून थबकतो. लिफ्ट वर त्वरणानं जात असेल तर समासात ‘लिफ्ट’ लिहिते, जी (गुरुत्वत्वरण) च्या जागी जी अधिक ए (लिफ्टचं त्वरण) घेते. मात्र त्यातून निघालेलं वजनांचं त्वरण लिफ्टच्या मानानं असतं. प्रश्नात जमिनीच्या मानानं मागितलं असेल तर शेवटी लिफ्टचं त्वरण चिन्हासकट मिळवावं लागतं. परवाच ते विसरले होते.